पोस्टकार्डावर मागवलेली प्रथिने

परदेशातला एखादा शोधनिबंध हवा असला, की आमच्या पिढीचे जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी पोस्टकार्ड पाठवत. एक प्रत पाठवावी, असा छापील मजकूर, खाली आपलं नाव-पत्ता, आणि मग महिनोन्‌महिने टपालाची वाट. लिफाफा आला की आधी त्यावरच्या तिकिटासाठी झटापट, निबंध नंतर. त्यातली अमिनो आम्लांची अक्षरं आम्ही कागदाच्या पट्ट्यांवर उतरवायचो. माणूस, घोडा, यीस्ट यांचं सायटोक्रोम-सी हे प्रथिन एकाखाली एक लावून फरक मोजायचो. माणूस आणि चिंपांझी यांच्या पट्ट्या अक्षर न्‌ अक्षर जुळल्या, की सगळी खोली त्या टेबलाभोवती गोळा व्हायची.

आता ही जुळणी क्षणात होते. मार्गारेट डेहॉफ यांच्या १९६५च्या ॲटलासमध्ये ६५ प्रथिनांचे क्रम होते. प्रोटीन डेटा बँक १९७१ साली सुरू झाली ती ७ प्रथिनांच्या रचनांवर. आज तिथे २ लाखांहून जास्त आहेत, आणि अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने अंदाजलेल्या रचना २० कोटींच्या वर. सगळं फुकट. हिंगोलीच्या कॉलेजातली मुलगी फोनवर हवं ते प्रथिन फिरवून बघू शकते, कुणाची मर्जी न सांभाळता.

आम्हाला मर्जी लागायची. जर्नलं मोठ्या शहरांतल्या संस्थांत, आणि तिथल्या ग्रंथालयात शिरायला ओळख हवी. आमच्या कितीतरी आधी, १९३३ साली, कमला सोहोनी यांना बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा मिळाला, तोही वर्षभराच्या अटीवर. तिथे दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या, आणि हेच सायटोक्रोम-सी वनस्पतींतही असतं हे त्यांनी दाखवून दिलं. अशा पहाऱ्यांचा काळ परत यावा असं कोण म्हणेल?

जीव तुटतो तो प्रथिनं वेगळी करायच्या जेलसाठी. दोन काचांमध्ये जेल ओतायचं, वरून फणी खोचायची, बुडबुडा अडकला तर पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी ते कुमासी निळ्यात बुडवायचं आणि जास्तीचा रंग रात्रभर निघू द्यायचा. त्या रिकाम्या तासांत वरच्या वर्षाची ताई पुस्तकात नसलेलं सगळं सांगायची: प्रथिन बर्फावरच का ठेवायचं, हलकेच का ढवळायचं, फेस आला तर काय बिघडतं. इंग्रजीला बुजणारी आमच्यातली कितीतरी मुलं त्या मराठी गप्पांमुळेच विज्ञानात टिकली.

आज तयार जेल पाकिटातून येतं, पण अनेक कॉलेजांना तेही परवडत नाही. पडदा सर्वांना खुला झाला, प्रयोगशाळा अजून नाही. अल्फाफोल्ड प्रथिनाचा आकार सांगतं. पाऊस दडी मारतो तेव्हा तुरीच्या दाण्यात ते किती उरतं, हे मात्र तूर दळून, अर्क काढूनच कळतं. हिंगोलीच्या मुलीला त्यासाठी बर्फ हवा, जेल हवं, आणि रात्री शेजारी बसणारी एक ताई हवी.