खालून वर वाचायचा दगड

आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पाराला टेकून एक दगड उभा आहे. कमरेइतका उंच, काळ्या पाषाणाचा. लहानपणी लपाछपीत आम्ही त्याच्याआड लपायचो. आजी त्याला नुसतं 'वीर' म्हणायची आणि दर अवसेला तेल घालायची. कोण वीर, कुठला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या सासूबाई घालायच्या, म्हणून ती घालायची.

तो वीरगळ आहे, हे मला फार उशिरा कळलं. कन्नडात दगडाला 'कल्लु' म्हणतात. वीराचा दगड तो वीरगळ. आणि तो वाचायचा असतो खालून वर. तळाच्या चौकटीत एक माणूस आडवा पडला आहे. शेजारी गाई. तेलाच्या पुटावरून बोट फिरवलं, की एकामागे एक तीन तोंडं हाताला लागतात. तिसरीचं शिंग झिजून गेलंय. वरच्या चौकटीत तोच माणूस ढाल-तलवार घेऊन दोघांशी झुंजतो आहे. त्याच्या वर अप्सरा त्याला दंडांना धरून स्वर्गात नेत आहेत. शेवटच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहो.

गुरं हेच धन होतं, तेव्हाची ही गोष्ट. शत्रू यायचा तो गावची गुरं वळवून न्यायला. ती सोडवताना जो पडला, तो थेट कैलासाला गेला, अशी लोकांची श्रद्धा होती. शिलाहार आणि यादव राजांची दानं ताम्रपटांवर, शिलालेखांत अक्षरांनी कोरली गेली. गावच्या या माणसाच्या वाट्याला बहुधा अक्षर आलंच नाही. पण ज्याला अक्षर येत नव्हतं, त्यालाही हा दगड वाचता येत होता.

मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला असेच वीरगळ आहेत. तिथे गाईंच्या जागी वल्ह्यांच्या रांगा लावलेल्या नौका आहेत, भर समुद्रातली लढाई आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्या युद्धाशी अनेक अभ्यासक ती जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, हे यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलं. त्या नौकांवर वल्ही मारणाऱ्यांची नावं मात्र कुणीच लिहिली नाहीत. त्यांच्यासाठी हे दगडच काय ते उरले.

पोळ्याला आमच्या गावातले बैल शिंगं रंगवून, झूल घालून मारुतीपुढे आणतात, त्यांना नमवतात, नारळ फुटतो. देवळामागे चार पावलांवर तो उभा असतो, ज्याने गुरांसाठी जीव दिला. त्याच्याकडे कुणी बैल नेत नाही. अनास्था म्हणून नाही. तो कोण, हे आम्ही विसरलो म्हणून.

तुमच्याही गावात असा दगड असेल. वेशीवर, पारावर, विहिरीच्या काठाला. त्याला ऑइलपेंट फासू नका, सिमेंटमध्ये चिणू नका, पायरीला लावू नका. एकदा त्याच्यापुढे बसा, घरातल्या मुलाला जवळ घ्या आणि त्याचं बोट तळाच्या चौकटीवर ठेवा. वाचायला तिथूनच सुरुवात करायची आहे.