आर्नोकाठी

कोल्हापूरच्या माणसाची रेल्वेविषयीची कल्पना मुळातच थोडी निराळी असते. आमच्या गावावरून रेल्वे पुढे जात नाही. ती येऊन थांबते. मिरजेहून निघालेला रूळ १८९१ सालापासून येथेच संपत आलेला आहे. त्यामुळे गाडी सुटण्यापूर्वी चांगला अर्धा तास रिकाम्या डब्यात जाऊन बसावे, खिडकीजवळची जागा रुमालाने झटकावी आणि पोचवायला आलेल्या मंडळींशी घरच्यासारख्या गप्पा माराव्यात, हा आम्ही आमचा जन्मसिद्ध हक्क समजतो. गाडी आपली वाट पाहते, आपण गाडीची नाही, असा एक सुखद भ्रम त्यातून निर्माण होतो. युरोपात तो भ्रम पहिल्याच दिवशी मावळला. तेथील मधल्या स्टेशनांत गाडी दोन मिनिटे थांबते, आणि त्या दोन मिनिटांत साठी उलटलेल्या दोन गृहस्थांनी पाठीवरच्या पिशव्यांसह आत शिरावयाचे असते.

पाठीवर पिशवी टाकून हिंडण्याची ही कल्पना आमची नव्हे, आमच्या स्नेह्यांची. चाकांच्या पेट्या ओढीत हिंडणारी माणसे त्यांना जत्रेतल्या हातगाड्यांची आठवण करून देतात, असे त्यांचे म्हणणे. चाळीस वर्षे शाळेत भूगोल शिकविलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दोन सदरे, एक लोकरीचा स्वेटर, औषधांची डबी, भडंगाची पिशवी आणि कांदा-लसणाच्या चटणीची घट्ट झाकणाची बरणी एवढ्या सामानावर आम्ही महिनाभराचा संसार मांडला. चटणीमुळे वसतिगृहांतील सामायिक स्वयंपाकघरांत आमची जी ओळख झाली, ती आमच्या विद्वत्तेमुळे कधीच झाली नसती.

युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी तेथील रेल्वे कंपन्यांनी १९५९ साली एकत्रित पास काढला. तो आता मोबाईलमध्ये असतो, आणि साठीपुढच्या माणसास आम्ही घेतला तेव्हा त्यात दहा टक्के सूट मिळाली. वार्धक्याचा हा पहिला रोख लाभ म्हणावयाचा. मात्र पास हाती आला म्हणजे सारा युरोप मोकळा झाला, असे समजू नये. फ्रान्स आणि इटलीतील वेगवान गाड्यांत बसावयाचे तर आसनासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. हळू चालणाऱ्या गाड्यांना सहसा त्याची गरज नसते. आम्ही बहुधा हळू गाड्यांनीच फिरलो, आणि पैसे वाचविणे हे त्याचे दुय्यम कारण होते. वेगाच्या गाडीतून देश दिसत नाही, फक्त त्याचे रंग दिसतात. पॅरिस, ब्रुसेल्स, कोलोन या शहरांविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात आम्ही भर घालण्याचे कारण नाही.

म्यूनिकला मात्र आम्ही आठ दिवस राहिलो. आमच्या स्नेह्यांचे चिरंजीव तेथे नोकरीस आहेत. सून तेथेच आहे, आणि पाच वर्षांचा एक नातू आहे. तो आजोबांशी मराठीत बोलतो, पण भांडण रंगात आले म्हणजे नकळत जर्मनवर उतरतो. वहिनी गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, चिरंजीवांचा एकच आग्रह चालला आहे की बाबांनी मंगळवार पेठेतील घर बंद करावे आणि कायमचे तेथे यावे. आग्रहात प्रेमाशिवाय दुसरे काही नाही, हे आम्ही आठ दिवस डोळ्यांनी पाहिले. बाबांसाठी वेगळी खोली तयार होती. खिडकीतून झाडे दिसत होती. एवढेच नव्हे, तर भिंतीवर महालक्ष्मीची तसबीरही लावलेली होती. आमचे स्नेही त्या खोलीत सकाळी चहा घेत, पण आपली पिशवी त्यांनी कपाटात रिकामी केली नाही. ती दाराशी तशीच उभी असे. हे सुनेच्या ध्यानात आले होते, आणि तिने ते बोलून दाखविले नाही.

निरोप घेऊन आम्ही ब्रेनरच्या वाटेने इटलीस निघालो. आल्प्सच्या रांगेतील ही खिंड सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे, आणि तीवरून रेल्वे १८६७ सालीच गेली. इन्सब्रुक सोडल्यावर गाडी वळणावळणाने चढू लागते. आंबा घाटात मोटार चढताना होतो तसा कानांत दडा बसतो. येथवर चांगले बोलके असलेले आमचे स्नेही एकाएकी गप्प झाले होते. बोलोन्यापासून पुढे नव्या वेगवान मार्गाने यावे लागले. हा ७८ किलोमीटरचा मार्ग २००९ साली खुला झाला, आणि त्यांपैकी ७३ किलोमीटरांहून अधिक अंतर बोगद्यांत आहे. अंधारात बसून फ्लॉरेन्सला पोचणे हा आमच्या मते त्या शहराचा अपमानच होय. तेथील सांता मारिया नोव्हेल्ला हे स्टेशन मात्र आम्हांस पाहताक्षणीच आपले वाटले, कारण तेथेही रूळ संपतात.

फ्लॉरेन्सला लोक चित्रे पाहण्यासाठी जातात. आम्ही गेलो ते आमच्या राजासाठी. कोल्हापूरच्या परंपरेत राजाराम नावाचे तीन छत्रपती मोजले जातात, आणि मधल्याची आठवण गावातही पुसट झाली आहे. हे दुसरे राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले, आणि १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, कॅप्टन वेस्ट यांच्यासह विलायतेस गेले. समुद्रपर्यटनाचे नाव काढताच प्रायश्चित्ताची भाषा निघे, तो हा काळ. महाराजांनी इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या, आणि या प्रवासाची इंग्रजीत रोजनिशी ठेवली. ती वेस्ट यांनी १८७२ साली छापून प्रसिद्ध केली. परतण्याच्या सुमारास फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटलेले असून पॅरिसला वेढा पडलेला होता. घरी परतत असता फ्लॉरेन्स मुक्कामी महाराजांची प्रकृती ढासळली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा तेथेच अंत झाला. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते. कोल्हापुरास रेल्वे यावयास अजून एकवीस वर्षे होती.

पुढचा प्रश्न दहनाचा होता. इटलीत प्रेत जाळण्याची चाल नव्हती. मिलानला पहिले आधुनिक दाहगृह निघाले तेच मुळी १८७६ साली. तरीही अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. बरोबरच्या मंडळींनी जागा निवडली ती कशी, हे त्या जागी उभे राहिल्यावर ध्यानात येते. कास्चिने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या पश्चिम टोकास मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोस मिळते. परमुलखात, भाषा येत नसताना, त्या शोकाकुल माणसांनी संगम शोधून काढला होता!

स्टेशनावरून ट्रामने जाऊन पुढे आम्ही पायीच निघालो. उद्यानात मुले सायकली फिरवीत होती, म्हाताऱ्या बाया बाकांवर बसल्या होत्या. अर्ध्या तासाच्या चालीनंतर झाडे संपतात आणि छत्री दिसते. खाली चौथरा, त्याच्या चारी बाजूंस निरनिराळ्या भाषांतील लेख, वर खांबांवर पेललेला घुमट आणि घुमटाखाली महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने १८७४ साली केला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरच्या वाचकांस हे नाव परके वाटू नये, कारण आमचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याप्रमाणे १८८४ साली पुरा झाला. रोज ज्या मनोऱ्याच्या घड्याळाकडे पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्याच्या कर्त्याची खूण हजारो कोसांवर अशी अवचित भेटावी, याची मोठी मौज वाटली.

पलीकडेच आर्नोवर तारांनी तोललेला एक प्रचंड पूल आहे. तो १९७८ साली खुला झाला, आणि त्याचे नाव ‘पोन्ते आल् इंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणसाजवळचा पूल’. त्यावरून मोटारींचा अखंड ओघ चालू असतो. रोज ‘इंदियानो’ म्हणणाऱ्या त्या लोकांपैकी किती जणांना तो इंदियानो पंचगंगेकाठचा एक वीस वर्षांचा मुलगा होता हे ठाऊक असेल, कोण जाणे. पण म्हणतात खरे, आणि दीडशे वर्षे म्हणत आले आहेत. आमच्या गावात तेवढेही कोणी म्हणत नाही.

आमचे स्नेही बराच वेळ पुतळ्यासमोर उभे होते. मग खाली उतरून ते पाण्याच्या कडेला गेले. मुन्योनेचे पाणी गढूळ आणि आर्नोचे हिरवट, अशी दोन्ही काही अंतर शेजारी शेजारी वाहतात.

‘प्रयागासारखं नाही अगदी,’ ते म्हणाले. प्रयाग म्हणजे आमच्या चिखलीजवळचे, जेथे नद्या मिळून पंचगंगा होते ते. ‘पण चालेल असं आहे.’

‘काय चालेल?’ आम्ही विचारले.

‘अरे, हिला नेली तेव्हा शेणी रचणारा माणूस आमच्या वर्गातला निघाला. मला म्हणाला, सर, तुम्ही बाजूला बसा, मी नीट करतो. असं कोण करणार रे तिकडं? एवढ्यासाठीच मी ती पिशवी उघडत नव्हतो.’ मग थोडे थांबून ते म्हणाले, ‘इथं या पोराला कोण ओळखत होतं? तरी केलंच की त्यांनी नीट.’

आमच्या गावच्या स्मशानात सरणास शेणी लागतात, आणि होळीच्या सुमारास लोक त्या आपण होऊन दान देतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही सुचलेही नाही.

रात्री वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्यांनी म्यूनिकला फोन लावला. घर बंद करणार नाही, हे त्यांनी आधी सांगून टाकले. नंतर म्हणाले, ‘दर वर्षी तीन महिने येईन. नव्वद दिवसांचाच परवाना मिळतो. त्याहून जास्त माया तुमच्या सरकारलाच मान्य नाही. कपाटातले दोन कप्पे मोकळे ठेवा. आणि हे बघ, घरी असताना गेलो तर पंचगंगा आहेच. तिकडं असताना गेलो, तर तुमची ती ईझार नदी चालेल. उगाच विमानाच्या खटपटीत पडू नका.’

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग चिरंजीवांनी विचारले की उद्याची गाडी कितीची आहे, आणि स्वेटर पिशवीत वर ठेवला आहे की तळाशी.