मागे इंजिन, पुढे रेडिएटर

आमची कॅम्पर व्हॅन 1984 ची. फोक्सवागनची, इंग्लंडमध्ये जिला टी-25 म्हणतात ती. शेफील्डला घरासमोर आणून उभी केली आणि ऑइल बघावं म्हणून मी बॉनेट शोधायला लागले, तर बॉनेट नाहीच. पुढे नाकाखाली लोखंडी ट्रेमध्ये स्टेपनी. इंजिन मागे, झोपायच्या गादीखाली. ऑइल बघायची दांडी मागच्या नंबर प्लेटआड. प्लेट झडपेसारखी खाली पडते आणि आत ऑइल ओतायची नळी, शेजारी कूलंटची बाटली. रेडिएटर मात्र पुढे. म्हणजे पाणी मागे तापणार, गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपांतून पुढे जाणार आणि निवून परत येणार. या एका फेऱ्यासाठी जवळपास 17 लिटर कूलंट लागतं.

एवढ्यानेच डोकं गरगरलं, आणि त्यात या गाडीत सगळं दुहेरी आहे. बॅटऱ्या दोन: एक गाडी चालू करायला, दुसरी आतल्या दिव्यांना आणि पाण्याच्या पंपाला. पाणी दोन प्रकारचं, इंजिनचं आणि स्वयंपाकाचं. इंधनं दोन, पेट्रोल आणि सिलिंडरमधला गॅस. फ्रिज तर तीन गोष्टींवर चालतो: गॅस, बॅटरी आणि कॅम्पसाइटवरची 240 व्होल्टची वीज. कुठे काही ठिबकलं, कसला वास आला की पहिला प्रश्न हाच, की हे गाडीचं की घराचं? सुरुवातीला मला तेही सांगता येत नव्हतं.

माझा मामा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाला. व्हिडिओ कॉलवर मी त्याला गाडी फिरवून फिरवून दाखवत होते. थोडा वेळ त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, अख्खी गाडी एकदम बघू नकोस. एक लाइन धर. पाण्याची तर पाण्याची. बाटलीपासून निघ, बाटलीपाशी परत ये. आणि डोळ्यांनी नाही, हाताने."

मी तेच केलं. गाडीखाली सतरंजी टाकून प्रत्येक होस दाबून पाहिला. चांगला रबर दाबला की परत फुगतो. जुना एकतर लाकडासारखा कडक लागतो, नाहीतर भिजलेल्या पावासारखा बसतो. जिथे क्लिपशी पांढरट-हिरवट खर धरली होती तिथे खडूने खूण केली. वहीत आकृती काढली. पाण्याची लाइन पुरती समजल्याशिवाय पेट्रोलच्या लाइनला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

या इंजिनाचा इतिहास कळला तेव्हा बऱ्याच गोष्टी उलगडल्या. ही पिढी 1979 मध्ये आली ती हवेवर थंड होणारं इंजिन घेऊन. पुढे 1982 च्या अखेरीस कंपनीने तेच आडवं इंजिन, दोन सिलिंडर डावीकडे आणि दोन उजवीकडे, पाण्यावर थंड व्हायला लावलं. आमचं 1.9 लिटरचं, 78 अश्वशक्तीचं. त्यात हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये पाणी अडवायला एक रबरी पट्टी असते. चुकीचं कूलंट असलं किंवा जुनं कूलंट वर्षानुवर्षं तसंच राहिलं की तिथलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, खड्डे पडतात आणि पाणी झिरपू लागतं. म्हणून या इंजिनाला फॉस्फेट नसलेलं कूलंटच लागतं आणि ते ठरावीक मुदतीने बदलावं लागतं. चाळीस वर्षांच्या इंजिनाला नुसतं नळाचं पाणी पाजत राहणं म्हणजे त्याचा जीव घेणं आहे. इथे काटकसर करू नये, हे मी ठासून सांगेन.

होस बदलले, कूलंट भरलं, आणि मग या गाडीतला सगळ्यात नाजूक भाग आला: एअर काढणं. एवढ्या लांब लाइनमध्ये हवा अडकली की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. त्यासाठी गाडीचं नाक चांगलं हातभर वर हवं. शेफील्ड वसलंय टेकड्यांवर; आमच्या गल्लीचा चढ आणि पुढच्या चाकांखाली रॅम्प, एवढ्यात काम झालं. हीटरचे नळ पूर्ण उघडले. पुढची वरची जाळी काढली की रेडिएटरच्या माथ्यावर एक स्क्रू दिसतो. नवऱ्याने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून इंजिन 2000 फेऱ्यांवर धरलं, मागे शेजारचा मुलगा बाटलीत कूलंट ओतत राहिला आणि मी स्क्रू अर्धा फेरा ढिला केला. आधी नुसती फुस्स. मग थुंकल्यासारखे थेंब, पुन्हा हवा, पुन्हा थेंब. फोन स्टँडवर, त्यात मामा. "थांब, अजून एअर आहे," तो म्हणाला. "आम्ही डिझेलच्या लाइनची काढायचो, तू पाण्याची काढतेयस. आवाज ऐक. फुटका आवाज गेला की आवळ." निळी धार सलग झाली आणि आवाज बुजला. स्क्रू आवळला.

दुसऱ्या दिवशी स्नेक पासचा चढ. या गाडीत तापमानाच्या काट्यामागे एक लाल दिवा आहे. चावी फिरवली की तो थोडा वेळ लुकलुकतो आणि विझतो. चालताना पुन्हा लुकलुकला तर कूलंट कमी झालं असं समजायचं. चढभर मी रस्त्याइतकंच त्या काट्याकडे बघत होते. काटा दिव्यावर येऊन बसला आणि तिथेच राहिला. माथ्यावर गाडी थांबवून मामाला फोटो पाठवला.

मग पेट्रोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. इंजिनच्या वरून जाणारी एक नळी मी वाकवली तर बाहेरच्या वळणावर बारीक बारीक चिरा उमटल्या. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पडला तर काय होईल, ते सांगायला नको. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा बदलला, इथेनॉल सोसणारा आर-9 प्रतीचा होस घेऊन, क्लिपाही नव्या. आतलं सामान नवं करायला काढलेले पैसे यात गेले आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ उडाला तो वायरिंगने. जर्मन गाडीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, बॉडीला जोडलेली, निर्धोक. ब्रिटनमधल्या 240 व्होल्टच्या वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे जिवंत. आणि आमच्या गाडीत सिंकखालच्या एकाच कप्प्यात दोन्ही तपकिरी वायरी शेजारून गेलेल्या. मी ऐकून होते ती आपल्याकडची लाल आणि काळी. त्या कप्प्यापुढे मी पकड हातात धरून बराच वेळ नुसती बसून राहिले. शेवटी बाहेरच्या विजेची केबल काढून घरात नेऊन ठेवली, दोन्ही बॅटऱ्यांच्या अर्थच्या वायरी सोडवल्या, मीटरने खात्री केली, आणि 240 च्या प्रत्येक वायरीला दर वीतभर अंतरावर पिवळी टेप गुंडाळली. पुढे इलेक्ट्रिशियनने ती सगळी लाइन वेगळ्या नळीतून नेली. मी स्वतः केलेला बदल एवढाच, की आतल्या बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज बसवला आणि दिवे एलईडीचे केले.

गॅसच्या कपाटात तळाला एक भोक असतं. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो. आमच्या गाडीत आधी कुणीतरी त्यावर छान कार्पेट चिकटवलेलं होतं. ते खरवडून काढताना माझे हात थरथरत होते. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, तीही जुनी निघाली. नळी आणि रेग्युलेटर परवानाधारक माणसाकडून बदलून घेतले, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. थंडीत सिलिंडर प्रोपेनचाच हवा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही.

पत्र्याचं दुखणं स्वयंपाकातून निघालं. बंद गाडीत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की सगळी वाफ गार पत्र्यावर जाऊन बसते, ओघळून लाकडी फळीमागे उतरते, आणि जिथे दोन पत्रे जुळतात त्या सांध्यात मुरते. ओट्यामागची फळी काढली तर सांध्याचं सीलंट भेगाळलेलं, आत गंजाचे पापुद्रे. सांधा खरवडून कोरा केला, गंजरोधक लावलं, नवं सीलंट भरलं. आता कुकर लागला की खिडकी उघडी आणि उचलता येणारं छप्पर वर, बाहेर पाऊस असला तरी. छपराचा कॅनव्हास ओला मिटायची वेळ आलीच, तर घरी पोचताच उघडून वाळवायचा. नाहीतर बुरशी धरते.

ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांपुढच्या, मुळात फार बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे. आमची त्यात बसते. तरीही आम्ही दरवर्षी तपासणी करून घेतो; गाडीत झोपलेली मुलं असतात आणि माझं शिकणं अजून अर्धवट आहे. गेल्या खेपेला तपासनीसाने टायरवरचे चार आकडे दाखवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर 2309. म्हणजे 2009 चा तेविसावा आठवडा, आणि खाचा मात्र नव्यासारख्या खोल. पाचही टायर बदलले, स्टेपनी धरून, या वजनाला चालणारे 185 आर 14 सी.

नवे पडदे कापून ठेवलेत, शिवायचे राहिलेत. पुढच्या शनिवारी मागचे ब्रेक ड्रम उघडायचे आहेत, आणि दापोडीच्या माणसाने वेळ राखून ठेवलाय.