खताचा निबंध आणि एक कोरी वही

आमचा वाशिम जिल्हा म्हणजे सोयाबीनचा जिल्हा. म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये सहावीच्या मुलांना मी निबंध दिला : 'रासायनिक खते : शाप की वरदान?' फळ्यावर मुद्देही मीच लिहिले. बहुतेकांनी 'शाप' असा निकाल देऊन टाकला. एकाने मात्र वही कोरीच ठेवली. विचारलं तर हळूच म्हणाला, "सर, मंग माहे बाबा चुकीचंच करतात काय?"

मी गप्प झालो. त्याच्या घरची बैलजोडी विकून दोन वर्षं झाली होती. गोठाच रिकामा, तर शेणखत आणणार कुठून? पेरणीला डीएपीची एक बॅग, एवढंच त्यांना जमत होतं.

दुसऱ्या दिवशी निबंध बाजूला ठेवून आम्ही हिशेब मांडला. आपल्या विदर्भात सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक देण्याची शिफारस आहे. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. पालाश नाही, गंधकही नाही. आणि दाण्यात तेल भरायला तर गंधक हवंच! ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळतं.

मग शेणखत. एका टनात साधारण ५ किलो नत्र, तेही हळूहळू मिळणारं. स्फुरद त्याहूनही कमी. म्हणजे नुसत्या शेणखतावर भागत नाही. पण पावसाने उघडीप दिली की जमिनीत ओल टिकवणं, माती भुसभुशीत ठेवणं, जिवाणूंना खाद्य देणं ही कामं बॅगेतलं खत करत नाही. मात्र शेणखत चांगलं कुजलेलं हवं. कच्च्या शेणासोबत हुमणी येते.

त्याच्या बाबांनी शेजाऱ्याकडून एक ट्रॉली शेणखत घेतलं, बांधालगतच्या पट्ट्यात टाकलं आणि जोडीला नेहमीची बॅगही दिली. ऑगस्टमध्ये तो दोन्हीकडची झाडं मुळांसकट घेऊन आला. मुलांनी मुळांवरच्या गाठी मोजल्या, कापून आतला गुलाबी रंग पाहिला. शेणखताच्या झाडाला गाठी जास्त निघाल्या. "पण एका झाडावरून निकाल लावायचा नसतो बरं," मी म्हटलं.

त्याची वही आता भरली आहे. माझ्या फळ्यावरचा विषयही बदलला आहे : 'खत : कोणतं, किती आणि केव्हा?'