एल्किन्समधलं रात्रीचं रिंगण

वॉशिंग्टनहून वेस्ट व्हर्जिनियातल्या एल्किन्सला जायला आता बऱ्याच अंतरापर्यंत नवा चौपदरी रस्ता झाला आहे. मी मात्र हॅरिसनबर्गवरून जाणारा 33 नंबरचा जुना रस्ता धरला. हा रस्ता शेनान्डोआ डोंगर चढून राज्याची हद्द ओलांडतो, फ्रँकलिन नावाच्या लहानशा गावातून जातो, सेनेका रॉक्सच्या उभ्या सुळक्यांजवळून वळतो आणि मोनोंगाहेलाच्या जंगलातले घाट पार करत एल्किन्सला पोचतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अॅपलेशियाच्या या डोंगरांतून असंख्य कुटुंबं पोटापाण्यासाठी बाल्टिमोर, वॉशिंग्टन, डेट्रॉइट आणि ओहायोतल्या कारखान्यांकडे गेली. ब्लूग्रास या संगीतप्रकाराच्या शिबिराला निघालेल्या माणसाने हे स्थलांतर आधी लक्षात घ्यावं, कारण या संगीताबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज त्यातूनच दूर होतो. ब्लूग्रास म्हणजे डोंगरातल्या झोपड्यांमधून शतकानुशतकं चालत आलेलं लोकसंगीत, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ते रेडिओच्या आणि रंगमंचाच्या जमान्यात व्यावसायिक वादकांनी घडवलं, आणि गावापासून तुटलेल्या माणसांनी शहरात ते उराशी धरलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिणेकडून बाल्टिमोरच्या कारखान्यांत आलेली हेझल डिकन्स आणि तिच्यासोबत गाणारी अॅलिस जेरार्ड यांची ध्वनिमुद्रिका 1965 साली निघाली, ती याच शहरी वस्त्यांमधल्या घरगुती बैठकांच्या जोरावर.

या संगीताचा जन्म जवळजवळ तारखेनिशी सांगता येतो. केंटकीतल्या रोझीन गावचा बिल मन्रो 1939 पासून नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आपला ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच घेऊन गात होता. डिसेंबर 1945 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातला अर्ल स्क्रग्ज हा तरुण त्या संचात आला. अंगठा आणि दोन बोटांनी त्याने पाच तारांच्या बॅन्जोतून स्वरांची जी अखंड सर काढली, ती लेस्टर फ्लॅटची गिटार आणि मन्रोचं मँडोलिन यांच्यात मिसळली आणि आजचा ब्लूग्रास तयार झाला. पण हे सगळं घडलं ते पैसे घेऊन वाजवणाऱ्या पट्टीच्या कलाकारांच्या हातून, मायक्रोफोनसमोर. श्रोता खुर्चीत किंवा रेडिओपाशी. पुढे पन्नाशीच्या दशकात रॉक अँड रोल आला आणि या संचांचा धंदा बसला. मग हे संगीत दंतवैद्य, ट्रकचालक, शाळामास्तर अशा माणसांच्या हाती गेलं कसं? 1965 च्या सप्टेंबरात कार्लटन हेनीने व्हर्जिनियात फिनकॅसलजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर पहिला अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला. एका गायनापुरते येऊन घरी परतणारे श्रोते आता मुक्काम ठोकून राहू लागले, आणि मुक्कामाला आलेल्यांनी वाद्यंही सोबत आणली. मंचावरचे दिवे विझल्यावर तंबूंच्या मधे आणि मोटारींच्या आडोशाला वाजवणाऱ्यांची रिंगणं बसू लागली. माझं म्हणणं असं, की ब्लूग्रास रंगमंचावर जन्मला असला तरी तो लोकांचा झाला या रात्रीच्या रिंगणांत. आणि शिबिरं हवीत ती माणसाला त्या रिंगणात बसायला लायक करण्यासाठी.

एल्किन्सला हे नीट पाहता येतं. गाव लाकूड, कोळसा आणि रेल्वे यांवर उभं राहिलेलं. हेन्री डेव्हिस आणि त्याचा जावई स्टीफन एल्किन्स हे दोघे रेल्वेसम्राट आणि सिनेटर. त्यांची नावं इथल्या महाविद्यालयाला आहेत, आणि त्यांचे ग्रेसलँड व हॅलीहर्स्ट हे दोन वाडे आज महाविद्यालयाच्याच आवारात आहेत. ऑगस्टा हेरिटेज सेंटर ही संस्था 1973 पासून या गावात उन्हाळी कार्यशाळा घेत आली आहे. एकेक आठवडा एकेका संगीताला वाहिलेला. मी गेलो तो ब्लूग्रासचा. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, संध्याकाळी शिक्षकांचं वादन, आणि त्यानंतर वाड्याच्या रुंद व्हरांड्यात, झाडांखाली, वसतिगृहांच्या पायऱ्यांवर रिंगणं. दिवसाचे वर्ग चांगले असतात. शिक्षक एक तुकडा वाजवतो, विद्यार्थी तो कानाने उचलतात, फोनवर मुद्रित करून घेतात. पण वर्गात शिकलेला तुकडा हा सुटा तुकडाच राहतो. कागदावरून बॅन्जो शिकलेला माणूस एखादी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक वाजवतो. मधेच कुणी लय किंचित वाढवली, पट्टी बदलली किंवा एक कडवं जास्त गायलं, की त्याचा धागा तुटतो. बॅन्जोवादक पीट वर्निक याने हे फार आधी ओळखलं. 1980 पासून शिबिरं घेणाऱ्या या शिक्षकाने पुढे एकत्र वाजवण्याचीच खास शिबिरं सुरू केली, आणि प्रवेशाची त्याची अट एवढीच, की वाद्य सुरात लावता यावं आणि जी, सी, डी, ए या चार कॉर्डवरून न थबकता हात फिरावा.

आता रिंगणाकडे जरा जवळून बघू. ढोल नाही, ताशा नाही, पुढ्यात कागद नाही. ठेका दोन वाद्यांत वाटलेला: डबल बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्यावर. मँडोलिनवाला कॉर्डवर आघात करतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडतो, त्यामुळे तारांची आस राहत नाही, नुसता कोरडा ठोका उरतो. तबल्याचं काम ते लाकूड करतं. ज्याची पाळी तो गाणं निवडतो, पट्टी सांगतो आणि सुरुवात करून देतो. पट्टी कळली की गिटारच्या मानेवर कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारे चिमटे, सरकतात. बॅन्जोची पाचवी तार आखूड असल्याने तिच्यापर्यंत कॅपो पोचत नाही, म्हणून पुष्कळ वादक मानेत खेळण्यातल्या आगगाडीचे बारीक खिळे ठोकून घेतात आणि ती तार त्यांच्याखाली अडकवतात. कडव्यांच्या मधे एकेक वाद्य पुढे येतं. कुणी वाजवायचं हे गाणारा नजरेने किंवा मानेने सांगतो. ज्याला नको असेल तो मान हलवून पाळी पुढे देतो, त्यात कमीपणा नाही. एक वाद्य बोलत असताना बाकीच्यांनी आवाज उतरवायचा, गाणाऱ्याचे शब्द कुणी झाकायचे नाहीत. शेवट जवळ आला की गाणारा एक पाय उचलतो, आणि कधी एकत्र न भेटलेली दहा माणसं एका क्षणी थांबतात. यातला कुठलाही नियम लिहून लावलेला नसतो, तरी कुणी तो मोडला की सगळ्यांना कळतं.

माझ्या मते रिंगण परक्या माणसाला जागा देऊ शकतं ते या काटेकोर नियमांच्या बळावर. आपल्याकडच्या भजनी मंडळात परगावचा माणूस येऊन टाळ धरतो आणि चाल ओळखीची असेल तर दुसऱ्या ओळीपासून मंडळातलाच होतो; तसंच हे. नियम सर्वांना ठाऊक असले की ओळखपाळख, वशिला, नाव यांची गरज उरत नाही. रात्री अकरानंतर शिक्षकही येऊन बसतात, आणि तेव्हा दिवसा वर्गात असलेलं अंतर मोडतं, कारण नामवंत वादकालाही आपली पाळी येईपर्यंत नवशिक्याच्या गाण्याला मंद साथ करावी लागते. नवशिका सर्वांत जास्त शिकतो तो याच वेळी. चुकलं तरी गाणं त्याच्यासाठी थांबत नाही, म्हणून चूक मागे टाकून पुढच्या मात्रेवर हजर होण्याची सवय लागते. आणि ही सवय एकट्याने खोलीत बसून लागत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: त्याच तीन कॉर्डची तीच गाणी वर्षानुवर्षं घोळवून संगीताचं डबकं होतं. आक्षेपात तथ्य आहे. कित्येक रिंगणांत स्क्रग्जचे जुने तुकडे जसेच्या तसे ऐकू येतात, आणि वेगाची हौस तर इतकी की गाण्याचा अर्थ त्यात वाहून जातो. पण गाणी सामाईक नसतील तर अनोळखी माणसं एकत्र वाजवणार कशी? शिवाय नवं सुचायलाही ही सामाईक शिदोरी लागते. वॉशिंग्टनच्या परिसरातला ‘सेल्डम सीन’ हा संच 1971 साली निघाला तो बेन एल्ड्रिजच्या तळघरातल्या बैठकींमधून. एल्ड्रिज गणितज्ञ, जॉन स्टार्लिंग शल्यविशारद, टॉम ग्रे नकाशे तयार करणारा. दिवसा नोकऱ्या करणाऱ्या या माणसांनी ब्लूग्रासमध्ये शहरी, मऊ, नवी गाणी आणली आणि पुढच्या पिढ्यांचा कान बदलला. रिंगणाने त्यांना कुठेही अडवलं नव्हतं. गायकाने पट्टी ठरवायची, हा नियमच घ्या. मन्रोच्या उंच आवाजामुळे बी ही पट्टी ब्लूग्रासची खूण बनली. बाई गायला लागली की तेच गाणं दुसऱ्या पट्टीत जातं, आणि पुरुषी पट्टीत बसवलेली बोटं प्रत्येकाला नव्याने बसवावी लागतात. बाईसाठी वेगळा नियम करावा लागत नाही, जुनाच नियम सगळ्यांना तिच्यामागे जायला लावतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याला मी पुरतं उत्तर देऊ शकत नाही. रिंगण सर्वांना खुलं आहे म्हणता, मग त्यात गोरेच चेहरे का? बॅन्जोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे. मन्रो पोरवयात अर्नोल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत असे, आणि त्याचं ऋण तो मानत असे. तरीही पुढे धंद्याने आणि वंशभेदाने हे संगीत गोऱ्यांच्या नावावर चढवलं. 2017 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे बीजभाषण करताना गायिका आणि बॅन्जोवादक रिअॅनन गिडन्सने हा विसरलेला वारसा संघटनेसमोर ठेवला. नियम समान असले तरी दाराशी यायला माणसाला धीर वाटला पाहिजे, आणि तो धीर नियमांतून येत नाही. आता शुल्ट्झच्या नावाने निधी उभा राहिला आहे. शिबिरांनीही शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि शिक्षक निवडताना वर्षानुवर्षांच्या ओळखीपलीकडे बघावं. फीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. आठवडाभराच्या शिकवणीचे, खोलीचे आणि जेवणाचे पैसे भरून शिकणं ही डोंगरातल्या खाणकामगाराच्या मुलाला सहज परवडणारी गोष्ट नाही. मात्र पैसे घेतल्याने परंपरा विटाळते, असं मी मानत नाही. स्क्रग्जने 1968 साली बॅन्जोचं पुस्तक काढलं, तेही विकतच मिळत होतं. त्याआधीची पोरं ध्वनिमुद्रिका निम्म्या गतीने फिरवून स्वर टिपत होती, त्या ध्वनिमुद्रिकाही विकतच्याच. शिक्षकाला त्याच्या विद्येचा मोबदला मिळालाच पाहिजे. रिंगणात बसायचे पैसे कुणी मागत नाही, हे महत्त्वाचं.

म्हणून मराठी वाचकांपैकी कुणी अमेरिकेत असेल, गिटार किंवा व्हायोलिन थोडंफार हाताळत असेल आणि आपण त्या तोडीचे नाही म्हणून बिचकत असेल, तर त्याने खुशाल जावं. आधी आठवडाभर चार कॉर्डचा सराव करा, दोन गाणी तोंडपाठ करा आणि ती कुठल्या पट्टीत गाता येतात ते ठरवून ठेवा. वेगाने वाजवणाऱ्या जाणत्यांचं रिंगण दिसलं तर मागे उभं राहून ऐका. शेजारी संथ रिंगण असतं, तिथे बसा. एल्किन्ससारख्या डोंगरी गावात जुलैतही रात्री गारवा असतो, तेव्हा स्वेटर न्या. आणि राहायची सोय आवारातल्या वसतिगृहातच घ्या, कारण गावातल्या हॉटेलात उतरलेला माणूस रिंगण रंगायच्या आधीच उठतो.