एका 'किंवा'ची गोष्ट

परवा पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये नेहमीसारखा अडकलो होतो. शेजारी मामा बसलेले. बराच वेळ समोरच्या टॉवरांकडे बघून एकदम म्हणाले, "त्या किंवाचं नेमकं काय झालं रं?" हा प्रश्न मी काही वर्षं टाळत आलोय. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

तर झालं असं. मामांची बावीस गुंठे जमीन एका सार्वजनिक कामासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली गेली. २००७ मध्ये निवाडा झाला. दर ऐकून मामा भडकले, पैसे उचलले नाहीत. पैसे सरकारी खजिन्यात पडून, कागदावर पंचनामा, आणि शेतात मात्र मामांचीच ज्वारी!

१ जानेवारी २०१४ ला नवा कायदा लागू झाला. त्याचं कलम २४(२) सांगतं की निवाडा पाच वर्षांहून जुना असेल आणि प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द. त्याच महिन्यात, २४ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला आपल्या पुण्याचाच, पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद सोळंकी. फॉरेस्ट गार्डनसाठी घेतलेल्या जमिनीचे २७ कोटी खजिन्यात भरले होते. तीन न्यायमूर्ती म्हणाले, खजिन्यात भरले म्हणजे दिले असं होत नाही. संपादन रद्द.

मी वकील नाही, चाकणला नोकरी करतो. पण निकालपत्रं वाचायची खोड आहे. प्रिंट काढून मामांकडे गेलो. ते तेव्हा मुलीच्या लग्नासाठी पैसे उचलायच्या बेतात होते. मी ऐटीत म्हणालो, "मामा, उचलू नका. जमीन परत आलीच समजा."

मामांनी ऐकलं. लग्न पतसंस्थेच्या कर्जावर झालं. २०१५ मध्ये हायकोर्टात याचिका केली.

मग २०१८ चा फेब्रुवारी. सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या तीन न्यायमूर्तींनी पुण्याचा निकाल चुकीचा ठरवला. दोन आठवड्यांत तिसऱ्या खंडपीठाने, असे खटले सध्या थांबवा, असं सुचवलं. शेवटी ६ मार्च २०२० ला पाच न्यायमूर्तींनी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. कलमातलं 'किंवा' हे 'आणि' असं वाचायचं. म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, असं असेल तरच संपादन रद्द. पंचनामा झाला की ताबा घेतला. पैसे देऊ केले आणि मालकाने नाकारले, तर तक्रार करायची नाही. मामांचं सगळंच संपलं. हे त्यांना सांगायला मी तीन महिने लावले. लॉकडाऊनचं निमित्त होतंच.

आधी खूप राग आला. मग निकाल पुन्हा वाचला. न्यायालयाचं म्हणणं बिनबुडाचं नाही हो. शेजारच्या बांधावरच्या चुलतमामांनी २००७ मध्येच निमूटपणे पैसे उचलले होते. अडून बसणाऱ्याला जमीन परत आणि ऐकणाऱ्याला काहीच नाही, हा कसला न्याय?

पण दुसरी बाजू मला अजून सोडत नाही. कायद्याचं राज्य म्हणजे काय? तर नियम आधी माहीत असावा आणि माणसाने त्यावर विसंबून पाऊल टाकावं. संसदेने 'किंवा' लिहिलं, न्यायालयाने चार वर्षं ते 'किंवा' असंच वाचलं. त्यावर विसंबून ज्यांनी पैसे सोडले, कर्जं काढली, त्यांचा हिशेब कुठे मांडायचा? १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात न्यायालयाने आपला नवा अर्थ फक्त पुढच्या काळाला लागू केला होता. म्हणजे वाट होती. न्यायालयाने चूक सुधारावीच, पण चुकीची किंमत विश्वास ठेवणाऱ्याकडूनच का वसूल व्हावी?

हे सगळं मामांना गाडीत सांगितलं. शेवटी धीर करून म्हणालो, "मामा, तेव्हा मी तुम्हाला अडवायला नको होतं."

"तू छापल्यालं वाचलंस," मामा म्हणाले. "बाकी तुझी मामी पतसंस्थेचं व्याज अजून विसरली न्हाई हां."

तेवढ्यात गाड्या हलल्या. त्या शेतात आता मुरूम पडलाय. मामांनी तिकडे पाहिलं नाही, मीही नाही.

असो. आजही कुणी निकालाचा अर्थ विचारला तर सांगतो. फक्त आधी 'आज तरी' म्हणतो, आणि पुढे 'वकिलाला विचारा'.