मारा नदीच्या कांठीं

देशाटनाचे गुण आपल्या वाडवडिलांनीं पुष्कळ गाइले. परंतु शाळकरी मुलांना समुद्रापार नेऊन आणण्याची चाल आपल्याकडे अलीकडचीच. अशा सहलींचे हेतु दोन सांगतात: परक्या लोकांशीं परिचय आणि वन्य श्वापदांचें दर्शन. हे दोन हेतु मुळांत एकच आहेत, ही गोष्ट गेल्या श्रावणांत केनिया देशीं मुलांना घेऊन गेलों असतां आम्हांस उमगली. ती वाचकांपुढें मांडावी, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

मुंबईहून निघालेलें विमान सुमारें सहा तासांत नैरोबीस पोंचतें. शहर विषुववृत्ताजवळ खरें, पण साडेपांच हजार फूट उंचीवर. त्यामुळें ऑगस्ट महिन्यांत सकाळीं अंगांत लोकरीचें कांहीं तरी घालावेंच लागतें. मसाई भाषेंत नैरोबी या नांवाचा अर्थच मुळीं ‘थंड पाणी’ असा आहे. १८९९ सालीं आगगाडीचें ठाणें म्हणून या शहराचा जन्म झाला, आणि ती आगगाडी बांधण्यांत आपल्याच देशबांधवांचा घाम गळला. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत घातला गेला. त्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकीं सुमारें २,५०० जण तिकडेच मरण पावले. १८९८ सालीं त्सावो येथें दोन नरभक्षक सिंहांनीं मजुरांना तंबूंतून ओढून नेलें, ही हकीकत ऐकतांना मुलांचे चेहरे गंभीर झाले. तेथें स्थायिक झालेल्या हिंदी वंशाच्या लोकांना केनिया सरकारनें २०१७ सालीं देशांतील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली.

या जुन्या शेजाराच्या खुणा स्वाहिली भाषेंत पदोपदीं आढळतात. दुकानाला तेथें ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, रंगाला ‘रांगी’, विम्याला ‘बिमा’ आणि लाखाला ‘लाकी’. चहा, चपाती व कचुंबर हीं तर नांवानिशीं पानांत येऊन बसलीं आहेत. मुलांनीं अशा शब्दांची वहीच केली. शाकाहारी मंडळींची अडचण होईल ही पालकांची धास्तीही अनाठायीं ठरली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला ‘उगाली’ म्हणतात, आणि सोबत ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी. या नांवाचा शब्दशः अर्थ ‘आठवडा ढकला’! महिनाअखेरीस घर कसें चालवावें लागतें, हें जाणणाऱ्या कोणत्याही गृहिणीस तो अर्थ फोडून सांगावयास नको.

नैरोबीहून पश्चिमेस मसाई मारा हें सुमारें १,५१० चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे. दरसाल जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास टांझानियांतील सेरेंगेटीच्या मैदानांतून वाइल्डबीस्ट नांवाचीं जनावरें लाखांनीं इकडे येतात व सुसरींनीं भरलेली मारा नदी ओलांडतात. तो देखावा आम्हीं पाहिला. सिंह, हत्ती, जिराफ हेही दिसले. पण मनांत राहिला तो चित्ता. संस्कृत ‘चित्रक’ शब्दापासून आलेलें हें नांव इंग्रजीनें आपल्याकडूनच उचललें. परंतु ज्या देशानें नांव दिलें, त्या देशांतून हा प्राणी नामशेष झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें, आणि २०२२ सालीं तो नामिबियाहून आणावा लागला.

चौथे दिवशीं आम्ही अभयारण्यालगतच्या एका गांवशाळेंत गेलों. तेथील मुलें पुढें येऊन मान लववून उभीं राहिलीं. वडील माणसानें लहानाच्या मस्तकावर हात ठेवावयाचा, ही मसाईंची अभिवादनाची रीत. नमस्कारास वांकल्यावर आजीचा हात डोक्यावर पडण्याची संवय असलेल्या आमच्या मुलांना ती मुळींच परकी वाटली नाहीं. मग त्यांचें उंच उड्यांचें नृत्य झालें. आमच्या मुलींनीं झिम्मा-फुगडी करून दाखविली. टाळ्या पडल्या. येथवर सारें ठरल्याबरहुकूम झालें.

खरी देवाणघेवाण जेवणानंतर झाली. आमच्यापैकीं एक मुलगा आदल्या दिवशीं पाहिलेल्या सिंहाचें वर्णन मोठ्या हौसेनें करीत होता. तें ऐकून तेरा-चौदा वर्षांची एक मसाई मुलगी शांतपणें म्हणाली, “गेल्या पावसाळ्यांत सिंहानें आमच्या दोन गाई मारल्या. त्यांतली एक विकून माझी फी भरावयाची होती. तुम्ही सिंह पाहून घरीं जाल. आम्ही त्याच्या शेजारीं राहतों.”

सारी मंडळी स्तब्ध झाली. तेव्हां ज्याचें आजोळ जुन्नरकडे आहे असा एक अबोल मुलगा उभा राहिला. मामाच्या उसांत बिबट्याची मादी पिलें घालते, दोन शेळ्या व राखणीचा कुत्रा तिनें नेला, तिन्हीसांजेनंतर लहान मुलांना अंगणांत सोडीत नाहींत, असें त्यानें मोडक्या इंग्रजींत सांगितलें. “मग तुम्ही तिला मारीत नाहीं?” मुलीनें विचारलें. “कायद्यानें बंदी आहे. शिवाय आमच्या मुलखांत कित्येक ठिकाणीं वाघोबाचें ठाणें असतें. तेथें नारळ ठेवतात.” यावर ती प्रथमच हंसली. पुढें तासभर काटेरी कुंपणें, राखणीचीं कुत्रीं आणि रात्रीचे दिवे यांवर दोघांची चर्चा रंगली. नैरोबी उद्यानाच्या सीमेवरील रिचर्ड तुरेरे नांवाच्या मसाई मुलानें गोठ्याभोंवतीं लुकलुकणारे दिवे लावून सिंहांना दूर ठेवण्याची युक्ति काढली, ती आमच्या मुलांना तेथेंच कळली.

मसाई हे गोपालक; शिकारीचें मांस खाणें त्यांना पूर्वापार कमीपणाचें वाटे. त्यांच्या कुरणांत श्वापदें टिकलीं याचें हें एक मोठें कारण. तरीही १९०४ व १९११ सालच्या करारांनीं इंग्रजांनीं त्यांना उत्तरेकडील उत्तम कुरणांतून हलविलें. स्वतंत्र केनियानें १९७७ सालीं शिकार बंद केली. पण त्या देशांतील निम्म्याहून अधिक वन्य प्राणी आजही राखीव वनांबाहेर, लोकांच्या जमिनींवर वावरतात. म्हणून गेल्या वीसएक वर्षांत माराच्या भोंवतालच्या मसाई जमीनमालकांनीं आपलीं कुरणें एकत्र करून तीं पर्यटनासाठीं भाड्यानें देण्याची व्यवस्था सुरू केली. सिंह जिवंत राहिला तर घरांत चार पैसे येतात. ज्याची गाय जाते, त्याच्याच पदरांत लाभाचा वांटा पडला पाहिजे, हें या योजनेचें मर्म होय.

वन्य पशूंचें रक्षण हें शहरांत बसून बोलणाऱ्यांच्या हळहळीवर होत नाहीं. त्यांच्या शेजारीं राहणाऱ्यांच्या सोसण्यावर होतें. जुन्नरच्या उसाच्या फडांतही हेंच सत्य आहे आणि माराच्या कांठींही. मुलांना परदेशीं धाडणाऱ्या पालकांना आमचें एवढेंच सांगणें आहे: मुलगा परतल्यावर त्यानें किती सिंह पाहिले हें अवश्य विचारा, पण त्या सिंहाच्या शेजाऱ्याच्या ओसरीवर तो घटकाभर बसला होता कीं नाहीं, हें त्याआधीं विचारा.